क्रीडांगणावरचें सोंवळें

अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांत पैसा शिरला आणि त्यांचें पावित्र्य बुडालें, असा आक्रोश गेलीं कांहीं वर्षें त्या देशांतील विद्वान्, वृत्तपत्रकार आणि जुने पदवीधर मोठ्या गळ्यानें करीत आहेत. १ जुलै २०२१ पासून तेथील कॉलेजांतील खेळाडूंस आपलें नांव व छबी जाहिरातीस देऊन मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. पुढें ६ जून २०२५ रोजीं एका न्यायालयीन तडजोडीस मंजुरी मिळून विद्यापीठांनींच खेळाडूंस थेट पैसे देण्याचा मार्ग खुला झाला. आणि तेव्हांपासून तर या शोकास भरतीच आली. अठरा-वीस वर्षांचीं पोरें लक्षावधि डॉलर मोजून घेतात, आज या विद्यापीठांत तर उद्यां त्या विद्यापीठांत उडी मारतात. आतां कसला विद्यार्थी आणि कसलें कॉलेज, असें हे लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तो सत्तर वर्षें उशिरां विचारला गेला आहे आणि भलत्याच माणसास विचारला गेला आहे, असें आमचें म्हणणें आहे. खेळाडूच्या हातांत पैसा आला म्हणून तेथें अनीति उत्पन्न झालेली नाहीं. पैसा सर्वांच्याच हातांत खेळत असतां एकट्या खेळाडूला सोंवळें नेसवून बाजूस बसविलें, आणि त्या सोंवळ्याला ‘विद्या’ हें नांव दिलें, यांतच ती अनीति होती. व पैसे मिळूं लागल्यावरहि ती संपलेली नाहीं.

हा दूर देशींचा वाद मराठी मासिकाच्या वाचकांपुढें कां, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर दुहेरी आहे. महाराष्ट्रांतील कितीतरी मध्यमवर्गीय घरांतील मुलें-मुली आज त्या विद्यापीठांत शिकत आहेत, आणि त्यांच्या शुल्काकरितां आईबापांनीं कर्जें काढलेलीं आहेत. तेव्हां तेथील क्रीडांगणाचा खर्च कोणाच्या खिशांतून निघतो हें त्यांस ठाऊक असलेलें बरें. दुसरें कारण याहून मोठें आहे. ज्ञानाच्या क्षेत्रांत ज्यांचा शब्द आपण प्रमाण मानतों, त्याच संस्था ‘विद्यार्थी’ या शब्दाचा अर्थ सोयीप्रमाणें फिरवूं लागल्या, तर तो प्रश्न कोणत्याहि देशांतील अध्यापकास परका राहत नाहीं.

प्रथम पावित्र्याच्या आख्यायिकेचा समाचार घेऊं. अमेरिकेंत दोन महाविद्यालयांमधील पहिला सामना झाला तो ३ ऑगस्ट १८५२ रोजीं, न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसॉकी सरोवरावर. हार्वर्ड आणि येल यांची ती नौकांची शर्यत होती. ती भरविली कोणी? विद्यापीठांनीं नव्हे, एका रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्यानें! आपल्या मार्गावर उतारूंची गर्दी व्हावी एवढ्यासाठीं त्यानें दोन्ही संघांचा खर्च उचलला. म्हणजे महाविद्यालयीन खेळाच्या पाळण्याची दोरी मुळापासूनच व्यापाऱ्याच्या हातीं होती. पुढें फुटबॉलचें वेड देशभर पसरलें, आणि तो खेळ इतका दांडगाईचा झाला कीं, १९०५ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानीं बोलावून कानउघाडणी करावी लागली. त्या वर्षाच्या हंगामांत सुमारे अठरा तरुण दगावल्याचें तत्कालीन वृत्तपत्रांनीं नोंदविलें आहे. या खळबळींतून १९०६ सालीं जी संस्था निघाली, तीच १९१० पासून एन्. सी. ए. ए. या नांवानें ओळखलें जाणारें राष्ट्रीय क्रीडामंडळ होय. खेळाडूंचे प्राण वांचविण्याकरितां जन्मास आलेल्या या मंडळानें पुढील आयुष्य खेळाडूंच्या खिशांवर पहारा ठेवण्यांत घालविलें, हा दैवदुर्विलास लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आणि तो पहारा तरी कसला? १९२९ सालीं कार्नेजी प्रतिष्ठानानें शंभरावर महाविद्यालयें तपासून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत बहुसंख्य ठिकाणीं खेळाडूंस आडमार्गानें पैसा, नोकरी वा सवलती देऊन ओढून आणलें जातें, असें आढळून आलें. ज्या सुवर्णयुगाकरितां आज अश्रु ढाळले जातात, तें कोणत्या सालीं होतें, हें त्या अश्रु ढाळणारांनीं एकदां सांगावें.

आतां या सोंवळ्याचें स्वरूप पाहूं. हौशी खेळाचें तत्त्व स्वतः वाईट नाहीं. आनंदाकरितां खेळावें, मोबदल्याकरितां खेळूं नये, हें म्हणणें उदात्त आहे. मात्र तें सर्वांस लागू पाहिजे. सोंवळें पाळावयाचें तर तें साऱ्या स्वयंपाकघरानें पाळावें. येथें प्रकार उलटा झाला. दरवर्षीं मार्च महिन्यांत होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क मंडळानें २०१० सालीं चौदा वर्षांकरितां १,०८० कोटि डॉलरांस विकले, आणि २०१६ सालीं आणखी ८८० कोटि डॉलर घेऊन तोच करार २०३२ पर्यंत वाढविला. ‘बिग टेन’ नांवाच्या विद्यापीठगटानें २०२२ सालीं दूरचित्रवाणी कंपन्यांशीं सात वर्षांचा करार केला, तो ७०० कोटि डॉलरांहून अधिक रकमेचा. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत सर्वांत अधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्यपाल नव्हे, न्यायाधीश नव्हे, वैद्यकाचा प्राध्यापक नव्हे, तर सार्वजनिक विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल-प्रशिक्षक होय. टेक्सस ए अँड एम् विद्यापीठानें नोव्हेंबर २०२३ मध्यें आपल्या फुटबॉल-प्रशिक्षकास काढून टाकलें, तेव्हां करार मोडल्याबद्दल त्यास सुमारे साडेसात कोटि डॉलर देणें लागलें. काम न करण्याबद्दल प्रशिक्षकास साडेसात कोटि, आणि ज्यांच्या हाडामांसावर तें काम चालतें त्या खेळाडूंस विद्यापीठानें वेतन म्हणून एक डॉलर देणेंहि त्या वेळीं नियमबाह्य! नैवेद्याचें ताट बडव्यांनीं वांटून घ्यावें आणि मूर्तीला मात्र ‘तूं देव आहेस, तुला भूक नाहीं’ असें ऐकवावें, त्यांतला हा प्रकार झाला.

हें सर्व ज्या एका शब्दाच्या आधारावर उभें राहिलें, तो शब्द ‘विद्यार्थी-खेळाडू’. वरवर पाहतां तो किती सात्त्विक वाटतो! जणूं एका हातांत पुस्तक व दुसऱ्या हातांत चेंडू घेतलेला गुणी मुलगाच डोळ्यांपुढें उभा राहतो. पण त्याचा जन्म शाळेंत झालेला नाहीं, वकिलाच्या कचेरींत झालेला आहे. १९५३ सालीं कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें डेन्व्हर विद्यापीठाच्या एका जखमी फुटबॉल-खेळाडूस कामगार म्हणून नुकसानभरपाई मंजूर केली. सर्व देशांतील विद्यापीठांच्या पोटांत गोळा उठला. खेळाडू जर कामगार ठरला, तर मोडलेल्या प्रत्येक हाडाचा हिशेब द्यावा लागणार! तेव्हां मंडळानें हा नवा शब्द घडविला, आणि आपल्या प्रत्येक नियमांत व पत्रकांत तो सक्तीनें घालविला. १९५५ सालीं त्याच राज्यांतील एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यांत डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें भरपाई मागितली. आणि १९५७ सालीं न्यायालयानें ती नाकारली. महाविद्यालयाचा फुटबॉल हा कांहीं धंदा नव्हे, असें त्या निकालाचें सार होतें. हा इतिहास आम्ही मंडळाच्या शत्रूंकडून ऐकलेला नाहीं. १९५१ पासून सुमारे छत्तीस वर्षें ज्यांनीं त्या मंडळाचा कारभार हांकला, त्या वॉल्टर बायर्स यांनींच १९९५ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत हा शब्द कां व कसा रचला याची कबुली दिली आहे, आणि साऱ्या व्यवस्थेस जुन्या मळेवाल्यांच्या वृत्तीची उपमा दिली आहे. ज्या देशांत कापसाच्या मळ्यांवर कोणी राबावें आणि कोणी हिशेब लिहावा हें कातडीच्या रंगावरून ठरत असे, आणि जेथें मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल व बास्केटबॉल-संघांत आजहि कृष्णवर्णीय तरुणांचाच भरणा असतो, तेथें या उपमेचा अर्थ वेगळा सांगावयास नको. हा घरचा आहेर आहे; तो नाकारण्याची सोय नाहीं.

‘पण त्यांस फुकट शिक्षण मिळत होतें ना?’ हा या व्यवस्थेच्या कैवाऱ्यांचा ब्रह्मास्त्रासारखा प्रश्न. आम्ही अध्यापक आहों. शिक्षण ही मोठी देणगी आहे, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. म्हणूनच ती देणगी खरोखर दिली काय, हें विचारण्याचा आम्हांस विशेष अधिकार आहे. १९५६ पासून गरजेचा विचार न करतां खेळाबद्दल शिष्यवृत्ति देण्याची मोकळीक मंडळानें दिली. पण १९७३ सालीं तिची मुदत एक वर्षाची करून टाकली, आणि पुढें जवळजवळ चाळीस वर्षें तो नियम टिकला. म्हणजे पुढच्या वर्षीं शिकावयास मिळावयाचें कीं नाहीं, हें प्रशिक्षकाच्या मर्जीवर गेलें. प्राध्यापकाच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेला मुलगा प्रशिक्षकाच्या परीक्षेंत नापास झाला, कीं त्याची शिष्यवृत्ति जाऊं शके. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल-खेळाडूंनीं मजूरसंघ काढण्याचा अर्ज केला, तेव्हां २०१४ सालीं चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यास असें आढळलें कीं, हंगामांत हे ‘विद्यार्थी’ आठवड्याला चाळीस ते पन्नास तास फुटबॉलच्या कामांत घालवितात. आठवड्यास पन्नास तास मैदानावर जुंपलेल्या मुलास ग्रंथालयाचें दार उघडें ठेवणें म्हणजे उपाशी माणसाचे हात बांधून त्याच्यापुढें पंक्ति वाढण्यासारखें आहे.

आणि जेथें हें ढोंग अगदींच उघडें पडलें, तें उदाहरण आमच्या मतें या साऱ्या वादाचें मर्म आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ हें त्या देशांतील अत्यंत जुनें आणि नांवाजलेलें सार्वजनिक विद्यापीठ. तेथें १९९३ पासून २०११ पर्यंत, अठरा वर्षें, कागदावरचे वर्ग चालत होते. वर्ग भरत नसे, शिक्षक येत नसे. एक निबंध लिहून द्यावयाचा, आणि तो विभागाच्या कचेरींतील कर्मचारी बाईंनीं तपासून भरघोस गुण द्यावयाचे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालाप्रमाणें सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांनीं अशा वर्गांचा लाभ घेतला, व त्यांपैकीं जवळजवळ निम्मे विद्यापीठाच्या संघांतील खेळाडू होते. मान्यता देणाऱ्या संस्थेनें विद्यापीठास एक वर्ष देखरेखीखालीं ठेवलें. आणि शुचितेचा रक्षक जें क्रीडामंडळ, त्यानें काय केलें? ऑक्टोबर २०१७ मध्यें त्यानें निर्णय दिला कीं, हे वर्ग केवळ खेळाडूंसाठीं नव्हते, इतर विद्यार्थ्यांसहि ते खुले होते. सबब आमच्या नियमांचा भंग झाल्याचें म्हणतां येत नाहीं.

याच्या शेजारीं दोन लहान गोष्टी ठेवून पाहाव्या. २०१० सालीं जॉर्जिया विद्यापीठाच्या एका खेळाडूनें आपला अंगांत घातलेला सदरा एक हजार डॉलरांस विकला. मंडळानें त्यास चार सामने बाहेर बसविलें. त्याच वर्षीं ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पांच खेळाडूंनीं आपल्याला मिळालेल्या बक्षिसाच्या वस्तु विकल्या, कांहींनीं त्यांच्या बदल्यांत अंग गोंदवून घेतलें. त्यांस पुढील हंगामांतील पांच सामन्यांची शिक्षा झाली. वाचकांनींच तराजू हातीं धरावा. स्वतःचा सदरा विकणें हें पाप. विद्यापीठाची पदवी विकणें हें पाप नव्हे! ज्या धर्मशास्त्रांत असा निर्णय निघतो, त्या शास्त्राचा विद्येशीं संबंध नाहीं, दुकानाशीं आहे. दुकानदार आपल्या मालाची चोरी पकडतो. शाळेंत काय चाललें आहे याची चौकशी करण्याचें त्यास प्रयोजन नसतें.

न्यायालयांनीं अखेर हें सोंवळें फेडलें. २१ जून २०२१ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें नऊ विरुद्ध शून्य मतांनीं मंडळाविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ति कॅव्हनॉ यांनीं स्वतंत्र मतपत्रांत विचारलेला प्रश्न मार्मिक आहे: गिऱ्हाइकांस अल्प पगाराच्या आचाऱ्यांचेंच जेवण रुचतें, अशी सबब सांगून गांवांतील साऱ्या खानावळवाल्यांनीं एकी करून आचाऱ्यांचे पगार कापले, तर कायदा तें चालवून घेईल काय? यापुढें मंडळास माघार घेण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. २०२५ च्या तडजोडीप्रमाणें पूर्वींच्या खेळाडूंस दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटि डॉलर द्यावयाचे ठरले, आणि २०२५-२६ या पहिल्या वर्षीं प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटि ५ लक्ष डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वांटण्याची परवानगी मिळाली.

तेव्हां न्याय झाला, असें म्हणून हात झटकणारांचा जो दुसरा पक्ष आहे, त्याच्याशींहि आमचें जमत नाहीं. न्याय झाला तो निम्मा. पैसे देऊं केले, पण नांव बदललें नाहीं. त्या तडजोडींत खेळाडूंस नोकर म्हटलेलें नाहीं. डार्टमथच्या बास्केटबॉल-खेळाडूंनीं मार्च २०२४ मध्यें तेरा विरुद्ध दोन मतांनीं मजूरसंघ स्थापण्याचा ठराव केला. महाविद्यालयानें त्यांच्याशीं बोलणें करण्यासच नकार दिला, आणि वर्षाअखेर तो अर्ज मागें घेण्यांत आला. याचा अर्थ इतकाच कीं, ज्या शब्दानें १९५७ सालीं त्या विधवेस रिकाम्या हातानें परत पाठविलें, तो शब्द आजहि आपल्या जागीं कायम आहे. पगार आहे पण पगारदार नाहीं. बाजार आहे पण विक्रेता कोणी नाहीं! पूर्वीं खेळाडूला सोंवळें नेसवून उपाशी ठेवीत. आतां त्यास जेवूं घालतात, पण पंक्तीस बसल्याची नोंद करीत नाहींत.

शिवाय व्यापार जसा उघड झाला, तसा शिक्षणाचा उरलासुरला आडपडदाहि गेला. पॅसिफिक महासागराच्या कांठचीं स्टॅनफर्ड व बर्कली हीं जगद्विख्यात विद्यापीठें २०२४ पासून ‘अटलांटिक किनारा’ असें नांव असलेल्या गटांत खेळत आहेत. भूगोलाच्या प्राध्यापकांनीं यावर काय म्हणावें? दूरचित्रवाणीच्या पैशासाठीं पोहणारी व टेनिस खेळणारी मुलें-मुलीहि खंड ओलांडून सामन्यास जाणार, आणि बुडालेला अभ्यास विमानांत भरून काढणार! धंदाच करावयाचा तर त्यांत नफा तरी व्हावा, तोहि नाहीं. मंडळाच्याच २०१९ च्या आंकड्यांप्रमाणें सर्वांत श्रीमंत अशा पासष्ट संस्थांपैकीं केवळ पंचवीस संस्थांचें क्रीडा-उत्पन्न खर्चाहून अधिक भरलें. उरलेल्यांची तूट कोण भरतें? विद्यापीठाचा खजिना; आणि कित्येक सार्वजनिक विद्यापीठांत तर प्रत्येक विद्यार्थ्यावर बसविलेलें सक्तीचें क्रीडा-शुल्क. फुटबॉलच्या मैदानाकडे ज्यानें कधीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं, अशा पुण्या-नागपूरच्या मुलाच्या शुल्कपत्रिकेंतहि अशा ठिकाणीं ती रक्कम असते. उलट आपल्याकडील एखादी मुलगी तेथें संघांत निवडली गेलीच, तर विद्यार्थी-परवान्यावरील परदेशी व्यक्तीस काम करून कमाई करण्यावर निर्बंध असल्यामुळें, तिच्या सहकाऱ्यांस मिळणारा जाहिरातीचा मोबदला घेणें तिला धोक्याचें. भरतांना ती सर्वांबरोबर. घेतांना मात्र परकी.

‘मोठ्या खेळांच्या पैशावर लहान खेळ जगतात, आणि संघाच्या कीर्तीनें विद्यापीठाचें नांव होतें,’ हा शेवटचा आक्षेप. लहान खेळ जगविण्यास अब्जावधि डॉलर लागत नाहींत. त्या देशांतील क्रीडामंडळाच्या तिसऱ्या वर्गांत चारशेंवर महाविद्यालयें आहेत; तीं खेळाबद्दल एकहि शिष्यवृत्ति देत नाहींत, तरी तेथें पोहणें आहे, धांवणें आहे, टेनिस आहे, फुटबॉलहि आहे. नांवाबद्दल म्हणाल, तर शिकागो विद्यापीठाचें उदाहरण पुरेसें आहे. त्या विद्यापीठाचा फुटबॉल-संघ एके काळीं देशांत अग्रगण्य होता. १९३५ सालीं उत्कृष्ट खेळाडूचें हाइझमन पारितोषिक प्रथम मिळालें तें तेथील विद्यार्थ्यास. तरीहि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनीं १९३९ सालीं तो संघ मोडून टाकला. लोक म्हणाले, विद्यापीठ बुडालें. तीनच वर्षांनीं, २ डिसेंबर १९४२ रोजीं, त्याच ओस पडलेल्या स्टॅग क्रीडांगणाच्या प्रेक्षक-मंचाखालीं एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मानवनिर्मित अशी पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडवून आणली. त्या शोधाच्या पुढील उपयोगाबद्दल कोणाचें मत कांहींहि असो. फुटबॉलवांचून शिकागोचें नांव पुसलें गेलें नाहीं, एवढें तरी निर्विवाद आहे. १९६९ सालीं तेथें फुटबॉल परत आला. तो त्या तिसऱ्या वर्गांत, विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून, आजहि खेळला जातो.

यावरून प्रामाणिक मार्ग दोनच आहेत असें दिसेल. ज्या विद्यापीठास करमणुकीचा व्यापार करावयाचा असेल, त्यानें तो उघड करावा: संघाची स्वतंत्र कंपनी काढावी, खेळाडूस नोकर म्हणावें, वेतन, करार, औषधपाणी आणि मोडलेल्या हाडांची भरपाई द्यावी, आणि त्यास शिकावयाचें असेल तर खेळ संपल्यावरहि वर्गाचें दार उघडें ठेवावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं; कष्टाचा पैसा विटाळ करीत नाहीं. ज्यास हें पसंत नसेल, त्यानें शिकागोप्रमाणें खेळ हा खेळ म्हणून ठेवावा, आणि प्रक्षेपणाच्या कोट्यवधींवर पाणी सोडावें. दोन्ही मार्गांनीं जाणाऱ्यास आम्ही मान देऊं. पण व्यापाऱ्याचा नफा आणि शाळेचा मान हीं दोन्ही एकाच वेळीं पदरांत पाडून घेण्याचा जो तिसरा मार्ग आजवर चालत आला, त्यास आमच्या भाषेंत लबाडी याहून सौम्य शब्द नाहीं.

आणि या लबाडीचा दोष केवळ प्रशिक्षकांवर किंवा दूरचित्रवाणीवाल्यांवर टाकून चालणार नाहीं. ते आपापला धंदा करीत होते. त्या अठरा वर्षांत नॉर्थ कॅरोलायनांत कित्येक विभाग होते, परीक्षा होत्या, गुणपत्रिकांवर सह्या होत होत्या. पदवी देण्याचा अधिकार प्रशिक्षकास नाहीं. तो अध्यापकवर्गाचा आहे. मैदानावरील टाळ्यांच्या गडगडाटांत त्या वर्गानें मौन धरलें, म्हणूनच बाकीच्यांचें फावलें. वेतन द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न न्यायालयें सोडवितील, व कांहीं अंशीं त्यांनीं सोडविलाहि आहे. पण संघांत खेळणारा हा मुलगा आमच्या वर्गांत खरोखर बसतो काय, आणि आम्ही त्यास खरोखर शिकवितों काय, या प्रश्नाचें उत्तर कोणतेंहि न्यायालय देणार नाहीं. तें उत्तर गुणपत्रिकेवर सही करणारानेंच दिलें पाहिजे. आणि तें ‘नाहीं’ असें असेल, तर त्यानें सही करूं नये.